वाचकांचे प्रश्न : पैसे देणारेच तपास करणार, तर बोगस बिलं सापडणार कशी?

मागच्या अंकात महात्मा फुले आणि आयुष्मान या मोफत उपचारांच्या सरकारी योजनांतल्या (राज्यात दोन्ही एकत्र चालतात) बोगस क्लेमबद्दल, म्हणजे हॉस्पिटलांनी योजनेकडे लावलेल्या खोट्या बिलांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नाव कुणाचंच छापलेलं नाही, फक्त जिल्हा ठेवलाय, कारण काही जणांना खरोखर त्रास होऊ शकतो. मी काही वर्षं एका टीपीएमध्ये, म्हणजे योजनेसाठी क्लेम हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीत, क्लेम तपासणारी डॉक्टर होते, त्यामुळे काही गोष्टी त्या खुर्चीत बसून पाहिलेल्या आहेत आणि बाकीच्या वाचून, विचारून लिहितेय.

प्रश्न : ताई, सासूबाईंना तापाने अशक्तपणा आला म्हणून तालुक्याच्या हॉस्पिटलात दोन दिवस सलाईन लावलं. योजनेत बसवतो म्हणाले, रेशनकार्ड आणि आधार घेतलं, दोनतीन कागदांवर अंगठा घेतला. नंतर पुतण्याने चौकशी केली तर पाच दिवस आयसीयूत होत्या असं दाखवलंय! हेल्पलाइनला तक्रार केली तर काही दिवसांनी त्याच हॉस्पिटलातून फोन आला, तक्रार मागे घ्या, पुढं तुम्हालाच दवाखाना लागणार आहे म्हणून. आमचा नंबर त्यांना दिला कुणी? (हिंगोली)

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र मुद्दाम पहिलं घेतलंय, कारण तुम्ही शेवटी जे विचारलंय तोच सगळ्यात मोठा घोळ आहे.

आधी योजना चालते कशी ते सांगते. पेशंट आला की आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस, त्याची नोंद करतो, मग हॉस्पिटल रिपोर्ट आणि फोटो अपलोड करून प्रीऑथ मागतं, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी. ती मिळाली की उपचार, मग डिस्चार्ज, मग क्लेम, तो टीपीएचे डॉक्टर कॉम्प्युटरवर बघतात, शंका आली तर क्वेरी टाकतात नाहीतर पास करतात. आता यात पेशंट कुठंय बघा. फोटोत आहे, अंगठ्यात आहे, पण त्याला कुणी विचारत नाही की बाई तुम्ही नेमक्या किती दिवस होतात. मी क्लेम बघायचे तेव्हा एका फाइलमध्ये मांडीच्या हाडाचा एक्स-रे होता, तोच एक्स-रे काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या दुसऱ्या पेशंटच्या फाइलमध्ये आला, फक्त उलटा करून, डाव्याचा उजवा. हाडाला एक जुना बारीक उंचवटा होता म्हणून लक्षात आलं. नसता तर मीही पास केला असता, कारण समोर ढीगभर फाइली असतात आणि प्रत्येकीला मिनिटं मोजून मिळतात. मी तो वर कळवला, क्लेम रिजेक्ट झाला, आणि त्याच हॉस्पिटलचे बाकीचे क्लेम दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखे येऊ लागले.

रिजेक्ट करणं आणि तपास करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे पहिलीवरच भागवलं जातं. राज्यात ही योजना राज्य आरोग्य हमी सोसायटी चालवते. हॉस्पिटल अंगीकृत करायचं म्हणजे पॅनेलवर घ्यायचं, क्लेमची यंत्रणा सांभाळायची, वर्षाला किती लोकांना लाभ दिला तो आकडा सरकारला द्यायचा आणि त्याच हॉस्पिटलांच्या चुकाही शोधायच्या, हे सगळं एकाच छपराखाली. जिल्ह्यात आधीच मोजकी हॉस्पिटलं पॅनेलवर असतात, त्यातलं एक काढलं की लाभार्थ्यांचा आकडा खाली येतो आणि आमदारापासून पेशंटपर्यंत सगळ्यांचे फोन सुरू होतात. मग माणसं प्रामाणिक असली तरी हात आखडता घेतला जातो. आणि तक्रार आली की ती "खुलासा मागवण्यासाठी" हॉस्पिटलकडेच जाते, तुमच्या नावानंबरासकट. तुमचा नंबर असाच गेला असणार, कुणी चोरून द्यायची गरजच नाही.

तुम्ही आता काय करायचं ते सांगते. तो फोन ज्या नंबरवरून आला तो आणि तारीख वेळ लिहून ठेवा. पुन्हा तोंडी तक्रार करू नका, लेखी करा, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि एक योजनेच्या जिल्हा समन्वयकाला, दोन्हीवर पोच घ्या, आणि धमकीचा फोन हा त्यात वेगळा मुद्दा म्हणून लिहा. आयुष्मानच्या नियमांत जिल्हा तक्रार निवारण समिती आहे, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा तसा वरिष्ठ अधिकारी असतात, हे फार जणांना माहीतच नसतं. सासूबाईंच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकून त्यांच्याच क्लेमची फाइल मागा, स्वतःची फाइल मागायला कुणाची परवानगी लागत नाही. गावात त्या दोन दिवसांत सासूबाईंना भेटायला कोण गेलं होतं, घरी कधी आल्या हे कुणी पाहिलं, त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

प्रश्न : एकाच मोबाइल नंबरवर साडेसात लाख लोक, मेलेल्या माणसांवर उपचार, असं कॅगच्या रिपोर्टबद्दल वाचलं होतं. हे सगळं फ्रॉडच आहे का? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवंय. (पुणे)

उत्तर : सगळं फ्रॉड नाही, आणि प्रोजेक्टमध्ये हा फरक लिहिलास तर ते जास्त कामाचं होईल.

कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या संस्थेचा, आयुष्मान भारत योजनेवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवला गेला. ९९९९९९९९९९ या एका नंबरवर ७,४९,८२० लाभार्थी जोडलेले होते, ८८८८८८८८८८ वर आणखी १,३९,३०० होते. आरोग्य मंत्रालयाचं म्हणणं असं की मोबाइल नंबरवरून ओळख पटवली जातच नाही, ती आधारवरून होते, नोंदणी करणाऱ्याने रकाना भरायचा म्हणून काहीतरी नंबर टाकला. हे पटण्यासारखं आहे, नऊचा आकडा दहा वेळा दाबणारा डेटा एंट्रीवाला घाईत असतो, कट रचत नसतो. पण मंत्रालयाच्या उत्तराने प्रश्न संपत नाही. नंबर खोटा म्हणजे त्या माणसाला मेसेज जाणार नाही, फोन करून "तुमच्यावर हे उपचार झाले का" असं विचारता येणार नाही. पेशंटकडून खरंखोटं करून घ्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग साडेसात लाख लोकांसाठी पहिल्याच दिवशी बंद झाला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सिस्टिममध्ये आधीच "मृत्यू" अशी नोंद असलेल्या ३,४४६ पेशंटच्या नावाने ३,९०३ क्लेम पास झाले आणि ६.९७ कोटी रुपये दिले गेले. सगळ्यात जास्त, ९६६ पेशंट, केरळमधले होते, म्हणजे ज्या राज्याची आरोग्यव्यवस्था आपण चांगली म्हणून सांगतो तिथलेच. एवढ्या मोठ्या योजनेत सात कोटी म्हणजे काहीच नाही असं कुणी म्हणेल, पण प्रश्न रकमेचा नाहीच, मृत म्हणून नोंद झालेल्या माणसाचा नवा क्लेम कॉम्प्युटरने अडवायला हवा होता आणि त्याने अडवला नाही, इतकी साधी अट कुणी घातलीच नव्हती. आणि हे शोधलं कुणी? योजना चालवणाऱ्यांनी नाही, बाहेरून आलेल्या ऑडिटरने. प्रोजेक्टमध्ये हे नक्की लिही.

कॅगचं ऑडिट काही वर्षांतून एकदा होतं आणि ते मागच्या काळाचं असतं, हा अहवाल मार्च २०२१ पर्यंतच्या कारभाराचा होता आणि आला २०२३ मध्ये. तोवर पैसे गेलेले, स्टाफ बदललेला, पेशंट सापडायचे नाहीत. त्यामुळे बाहेरची नजर रोजची हवी, वर्षांनी येणारी नको.

प्रश्न : कार्ड काढून देणारा एजंट ओरिजिनल कार्ड आणि आधार ठेवून घेतो म्हणतोय. द्यावं का? (धाराशिव)

उत्तर : अजिबात नाही! कार्ड आणि आधार कुणाकडेही ठेवायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही. पॅनेलवरच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याच्यासमोर काम करून घ्या, कुणाला पैसे देऊ नका.

प्रश्न : आमच्या गावात हृदयतपासणीचं मोफत शिबिर झालं, नंतर काही लोकांना गाडीत घालून शहरात नेलं आणि लगेच अँजिओग्राफी केली. माझ्या वडलांना छातीत कधी दुखलं नव्हतं. चांगलं काम आहे की काही वेगळं? भावकीत वाद चाललाय. (जालना)

उत्तर : दादा, तुमच्या वडलांचे रिपोर्ट न बघता मी काही म्हणणार नाही, ते रिपोर्ट आणि अँजिओग्राफीची सीडी हॉस्पिटलकडून मागून घ्या आणि ज्याचा या शिबिराशी संबंध नाही अशा हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा, जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज सगळ्यात बरं. पण भावकीत वाद होतोय तर गुजरातमध्ये काय झालं ते सगळ्यांना सांगा.

नोव्हेंबर २०२४, मेहसाणा जिल्हा, कडी तालुक्यातलं बोरिसणा गाव. अहमदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलने शिबिर घेतलं, १९ जणांना शहरात नेलं, अँजिओग्राफी केली, ७ जणांना अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकले, त्यातले दोघं वारले. घरच्यांना नीट सांगितलंही नव्हतं. पैसे आयुष्मान योजनेतून काढायचे होते. गावकरी हॉस्पिटलवर धावून गेले तेव्हा बोभाटा झाला, मग हॉस्पिटलला योजनेतून काढलं, पोलिसांनी अटका केल्या आणि सरकारने हृदयाच्या प्रोसिजरसाठी नवे कडक नियम काढले. ही सगळी धावपळ दोन माणसं गेल्यावर झाली. प्रीऑथ पास होत होते तेव्हा एकाच गावातले इतके जण एकाच दिवशी एकाच प्रोसिजरसाठी आले हे सिस्टिमला वेगळं वाटलं नाही.

म्हणून फ्रॉड म्हणजे फक्त सरकारचे पैसे गेले असं समजू नका. बोगस क्लेम दोन प्रकारचा असतो, एकात उपचार झालेलेच नसतात, दुसऱ्यात झालेले असतात पण गरज नसते, आणि दुसरा जास्त वाईट कारण तो पेशंटच्या अंगावर होतो आणि कागदोपत्री तो एकदम खरा असतो, टाके खरे, फोटो खरा. आयुष्मानच्या आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत बिहार, छत्तीसगडमध्ये बायकांची गर्भाशयं अशीच काढली गेली, बिहारच्या समस्तीपूरचं प्रकरण २०१२ मध्ये गाजलं होतं. त्यावरची याचिका सुप्रीम कोर्टात निकाली निघाली एप्रिल २०२३ मध्ये, तेव्हा कोर्टाने सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत मार्गदर्शक तत्त्वं लागू करा म्हणून सांगितलं. इतकी वर्षं! आपल्याकडे बीडला ऊसतोड करणाऱ्या बायकांचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये ८२,३०९ बायकांची पाहणी केली तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तिथे बहुतेक जणींनी उचल घेऊन स्वतःच्या पैशाने ऑपरेशन केलं होतं, योजनेचा तो विषय नव्हता, पण गरज नसलेलं ऑपरेशन कुठलंही कॉम्प्युटर पकडत नाही, ते घरोघर जाऊन विचारल्यावरच कळतं, हे बीडच्या पाहणीने दाखवून दिलं.

प्रश्न : तुम्ही नेहमी हॉस्पिटलांना चोर ठरवता. माझं वीस बेडचं हॉस्पिटल आहे, योजनेचे पेशंट मनापासून घेतो. पाच महिने पेमेंट अडकलंय, विचारलं तर "संशयास्पद" म्हणून होल्डवर आहे एवढंच सांगतात. काय संशय, कुठला पेशंट, काही नाही. सिस्टर लोकांचे पगार कुठून देऊ? (सोलापूर)

उत्तर : डॉक्टरसाहेब, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि तुम्हाला थोडं सविस्तर उत्तर देते, कारण तपास सुधारायचा म्हटलं की लोकांना फक्त अजून कडक करा एवढंच सुचतं. आरोप काय ते न सांगता पैसे अडवणं हा तपास नाहीच. त्याने चोर सुटतो आणि प्रामाणिक माणूस योजना सोडतो, कारण चोराने पाच महिने तग धरायची सोय आधीच केलेली असते.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात २०१३ मध्ये काय झालं ते ऐका. तिथे गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी आरोग्य योजना आहे, पैसे केंद्र आणि राज्य मिळून देतात, चालवतं राज्य. जून २०१३ मध्ये राज्याच्या खात्याने मानसिक आजार आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या १५ संस्थांचे पैसे एकदम थांबवले. बाहेरच्या एका कंपनीकडून ऑडिट करून घेतलं होतं, त्यात ३ कोटी ६० लाख डॉलर जास्तीचे घेतले असा आरोप होता. संस्थांनी विचारलं, आमचं काय चुकलं ते दाखवा, तर अहवालच दाखवला नाही, तपास चालू आहे म्हणून. त्यांच्या जागी शेजारच्या ॲरिझोना राज्यातून पाच कंपन्या आणल्या. सुमारे ३० हजार पेशंट या १५ संस्थांकडे जायचे. मानसिक आजाराच्या माणसाचा एका समुपदेशकावर वर्षानुवर्षं विश्वास बसलेला असतो, एका फटक्यात तो माणूस बदलला, काहींचे उपचार तुटले ते तुटलेच. पुढे त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, तपास पूर्ण केला आणि २०१६ पर्यंत पंधराच्या पंधरा संस्था फौजदारी आरोपातून मोकळ्या झाल्या, फ्रॉड सापडलाच नाही. पण तोवर बहुतेक संस्था बंद पडल्या होत्या, आणि ॲरिझोनाहून आलेल्यांपैकीही बऱ्याच गाशा गुंडाळून गेल्या. नंतर सरकारला काही संस्थांना नुकसानभरपाई देऊन प्रकरणं मिटवावी लागली आणि २०१९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की आरोप काय ते आधी कळवायचं, म्हणणं मांडायची संधी द्यायची.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की असं होऊ नये यासाठी तिथल्या केंद्र सरकारच्या नियमात आधीपासून वाट ठेवलेली होती. विश्वासार्ह आरोप असेल तर पैसे थांबवा असं तो नियम म्हणतो, पण त्यातच असंही आहे की पैसे थांबवल्याने पेशंटना उपचार मिळणं अवघड होणार असेल तर ते न थांबवायची किंवा काही भागच थांबवायची मुभा आहे. नियम होता, तो वापरला नाही, आणि वापरला नाही म्हणून जाब विचारणारं वेळेवर कुणी नव्हतं.

आपल्याकडेही हेच व्हायला हवं असं मला वाटतं. होल्ड टाकायचा तर ठराविक दिवसांत लेखी कारण, कुठल्या पेशंटचा कुठला कागद खटकला ते, संशय त्या क्लेमवर असेल तर तेवढाच अडवायचा, बाकीचे सोडायचे, आणि सुनावणी अशा अधिकाऱ्यासमोर जो त्या योजनेत नाही. विमा कंपनीच्या पद्धतीत अजून एक गुंता असतो, कंपनीला क्लेम नाकारला की पैसे वाचतात, म्हणजे तिचा "संशय" तिच्याच फायद्याचा असतो, आणि याच्या उलट हॉस्पिटल पॅनेलवर राहावं ही सरकारची गरज. दोन्हीकडे ज्याचा स्वतःचा फायदा आहे तोच संशय घेणार आणि तोच सोडणार. तुम्ही सध्या इतकं करा की प्रत्येक क्लेमचा नंबर घालून लेखी विचारणा करा, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही, फोनवर बोलणं झालं तरी त्यानंतर "आज असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाका, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तुमच्या शाखेमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे एकत्र जा, एकट्याचं कुणी ऐकत नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, इथे मेडिकेड फ्रॉडच्या बातम्या सतत असतात. इथल्या सिस्टिममधलं काही भारतात घेण्यासारखं आहे का, की इथेही सगळा गोंधळच? (मूळ कोल्हापूर)

उत्तर : न्यू मेक्सिकोचं वर लिहिलंच आहे, त्यामुळे गोंधळ आहेच, पण एक गोष्ट मला मनापासून घ्यावीशी वाटते. १९७७ मध्ये तिथे कायदा झाला आणि राज्याराज्यांत मेडिकेड फ्रॉड कंट्रोल युनिट उभी राहिली. अट अशी की हे युनिट मेडिकेड चालवणाऱ्या खात्यापासून पूर्ण वेगळं पाहिजे. बहुतेक ठिकाणी ते ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात असतं, त्यात वकील, ऑडिटर आणि तपास करणारे असे तिन्ही लोक पूर्णवेळ असतात. खर्चाचे ७५ टक्के केंद्र देतं, म्हणजे राज्याच्या आरोग्य खात्याला राग आला तरी युनिटचा पगार थांबत नाही. आणि या युनिटांवरही नजर असते, केंद्राच्या आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर जनरल दरवर्षी त्यांचं काम बघून मान्यता पुढे चालू ठेवतो. अशी ५३ युनिट आहेत, ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी, पोर्तो रिको, व्हर्जिन आयलंड्स. ब्रिटननेही २०१७ मध्ये त्यांच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेसाठी फ्रॉडविरोधी प्राधिकरण वेगळं काढलं.

आपल्याकडे नावाला रचना आहे. दिल्लीत आयुष्मान योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणात नॅशनल अँटी फ्रॉड युनिट, राज्यात स्टेट अँटी फ्रॉड युनिट. पण राज्याचं युनिट असतं राज्यात योजना चालवणाऱ्या यंत्रणेच्याच आत, तिच्याच सीईओच्या हाताखाली. काम अगदीच होत नाही असं नाही, सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं की १,११४ हॉस्पिटलं पॅनेलवरून काढली, ५४९ निलंबित केली आणि १,५०४ हॉस्पिटलांना मिळून १२२ कोटींचा दंड केला. आकडे छोटे नाहीत. पण पॅनेलवरून काढणं ही शिक्षा कंत्राट तोडल्यासारखी आहे, फौजदारी केस उभी करायला वकील आणि तपास अधिकारी पहिल्या दिवसापासून एकत्र लागतात, क्लेम बघणाऱ्या डॉक्टरचं ते काम नाही. मी स्वतः ती फाइल वर कळवली तेव्हा पुरावा म्हणून काय जपून ठेवायचं असतं हेही मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे मला विचाराल तर राज्याचं अँटी फ्रॉड युनिट आरोग्य खात्यातून बाहेर काढावं, त्याचा पैसा केंद्राकडून ठरलेला यावा आणि त्याच्या कामाचा जिल्हावार अहवाल दरवर्षी विधानसभेत ठेवावा. तेवढं झालं तरी फार फरक पडेल.

प्रश्न : मॅडम मी आरोग्यमित्र आहे. माझ्या डोळ्यांसमोर काय चालतं ते मलाच माहीत. पण मी टीपीएकडून कंत्राटावर, बसतो हॉस्पिटलात, खुर्ची पंखा त्यांचा. बोललो तर दुसऱ्या दिवशी बदली नाहीतर घरी. काय करू? (जिल्हा छापू नये)

उत्तर : भाऊ, तुम्हाला "हिंमत करा" असं मी सांगणार नाही, तुमच्या घरची चूल त्या नोकरीवर आहे.

तुमच्यासारखा माणूस या सगळ्या यंत्रणेत एकटा असा आहे जो पेशंट, बेड आणि कागद तिन्ही एका वेळी बघतो. आणि त्यालाच सगळ्यात कमी पगारात, सगळ्यात कच्च्या नोकरीत ठेवलंय. अमेरिकेत १८६३ पासून एक कायदा आहे, सरकारला फसवणाऱ्याची माहिती देऊन कुणीही सामान्य माणूस सरकारच्या वतीने केस करू शकतो, वसुली झाली तर त्याला साधारण १५ ते ३० टक्के मिळतात आणि नोकरीवरून काढलं तर त्याविरुद्ध संरक्षणही आहे. तिथले आरोग्यातले मोठमोठे घोटाळे आतल्या माणसांनीच असे बाहेर काढलेत. आपल्याकडे व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट २०१४ मध्ये संसदेत पास झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागू करण्याची अधिसूचनाच निघालेली नाही. कायदा पुस्तकात आहे आणि तुमच्या उपयोगाचा नाही, हे मला फार लागतं.

बक्षिसाची टक्केवारी लगेच नाही आली तरी चालेल, पण दोन गोष्टी राज्य सरकार एका जीआरने करू शकतं. एक म्हणजे आरोग्यमित्राची नेमणूक आणि बदली टीपीए किंवा हॉस्पिटलच्या हातात नको, जिल्हा पातळीवर सरकारी अधिकाऱ्याकडे पाहिजे. दुसरं म्हणजे त्याने दिलेली माहिती थेट तपास युनिटकडे जाईल आणि त्याचं नाव कुठल्याही खुलाशाच्या पत्रात येणार नाही अशी सोय. तुम्ही सध्या तरी एकच करा, जे कागद तुमच्या सहीने जातात त्यावर तुम्ही स्वतः पाहिलं नाही ते पाहिलं असं लिहू नका. वॉर्डात गेलात तर वेळ लिहा, पेशंट बेडवर नव्हता तर "बेडवर आढळला नाही" एवढंच लिहा, त्यापुढे काही नको. उद्या चौकशी झालीच तर पहिला बळी कंत्राटी माणूस जातो, तेव्हा तुमच्या हातचं हे लिहिलेलंच तुम्हाला वाचवेल.

प्रश्न : सरकार कधी सुधारेल ते सुधारेल, आमच्या ग्रामपंचायतीने काही करता येईल का? सरपंच तयार आहेत. (अमरावती)

उत्तर : येईल की. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात सोशल ऑडिट होतं, ग्रामसभेत हजेरीपट वाचायचा आणि ज्याचं नाव आहे त्यानं उठून सांगायचं की मी कामावर होतो की नाही. मेघालयाने २०१७ मध्ये सोशल ऑडिटचा वेगळा कायदाच केला आणि बऱ्याच सरकारी योजना त्यात घेतल्या. आरोग्य योजनेला हे लावायचं तर एक मोठी काळजी घ्यावी लागते आणि ती तुमच्या सरपंचांना आधी समजावा. हजेरीपट चारचौघांत वाचता येतो, आजार वाचता येत नाही. कुणाला टीबी आहे, कुणाचं गर्भाशय काढलंय, कुणाला मानसिक आजाराचं औषध चालू आहे हे ग्रामसभेत निघालं तर त्या माणसाचं जगणं अवघड होईल, बाईचं तर जास्तच, आणि पुढच्या वेळी लोक दवाखान्यातच जाणार नाहीत.

त्यामुळे ग्रामसभेत फक्त ठराव घ्या, आमच्या गावच्या किती लोकांच्या नावावर मागच्या वर्षी किती रकमेचे क्लेम झाले आणि कुठल्या हॉस्पिटलात, एवढे आकडे नावांशिवाय द्यावेत असा, आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे पाठवा. आकडे आले की ते सभेत वाचा. गावाला अंदाज असतोच, वर्षभरात वीस जण ॲडमिट झाले असतील आणि कागदावर साठ दिसले तर कुणाला सांगावं लागणार नाही. त्याच्या पुढची नावानिशी पडताळणी आशाताईंनी ज्याच्या त्याच्या घरी जाऊन, एकट्याशी बोलून करायची, कागद पेशंटच्या हातात द्यायचा आणि "हे असंच झालं" किंवा "असं झालं नाही" यावर त्याची सही घ्यायची. आशाताईंना या कामाचे वेगळे पैसे द्या, पंचायतीच्या फंडातून थोडे का होईना, त्यांच्याकडे आधीच फुकटची कामं फार आहेत. ठरावाचा मसुदा हवा असेल तर सदराच्या पत्त्यावर लिहा, मी करून पाठवते, आणि आकडे द्यायला नकार आला तर ते नकाराचं पत्रही पाठवा, पुढच्या अंकात ते छापू.